बी.ए. अर्थशास्त्र: तीन वर्षं वापरून, दोन वर्षं थांबून लिहिलेला रिव्ह्यू

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या आठवड्यात जिन्यात गाठलं. हातात भाजीची पिशवी, मागे बारावी झालेली मुलगी. "तू ते अर्थशास्त्र केलंस ना गं? हिला घालू का? मार्क बरे आहेत, पण सायन्स नको म्हणते." मी म्हटलं, घाला की. मग म्हटलं, थांबा जरा. मग पंधरा मिनिटं जिन्यातच बोलत उभी राहिले. काकूंच्या पिशवीतल्या कोथिंबिरीने मान टाकली, तरी हो की नाही ते मला धड सांगता आलं नाही. म्हणून लिहून काढतेय. काकू, वाचून झालं की पुढे पाठवा. तुमच्या भिशीतल्या दोघींच्या मुलीही यंदा बारावीतून सुटल्यात.

आधी माझ्याबद्दल, कारण रिव्ह्यू कोणाचा आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. राहायला कोपरखैरणे. पप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, मम्मी घरी. गाव माण तालुक्यात. माझी बारावी २०२१ची, म्हणजे ज्यांची बोर्डाची परीक्षाच झाली नाही ती बॅच. आजही कोणी बारावीचे टक्के विचारले की मी जरा हळू आवाजात सांगते. ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात बी.ए.ला प्रवेश, मराठी माध्यमाची तुकडी, २०२४ला पास. कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. शिकवणारे तिथेच आहेत आणि त्यांच्याकडे अजून माझं जाणं-येणं आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कुठे गेला ते पुढे येईल.

किमतीचं आधी. पहिल्या वर्षाची फी भरली ५,८४० रुपये. कोपरखैरणे ते ठाणे लोकलचा पास, वह्या, ढीगभर झेरॉक्स आणि तलावपाळीवरचा चहा धरून तीन वर्षांचा खर्च चाळीस हजारांच्या आसपास. माझी शाळेतली मैत्रीण बी.एम.एस.ला गेली, तिची एका वर्षाची फी याहून जास्त होती. म्हणजे माल स्वस्त. पण स्वस्त म्हणू नका असं हाच विषय शिकवतो. पहिल्याच महिन्यात 'संधी खर्च' शिकवला: एक गोष्ट निवडताना दुसरी जी सोडली, तीही किमतीत धरायची. माझा चुलतभाऊ बारावीनंतर लगेच तुर्भ्याच्या एका गोदामात लागला, महिन्याला बारा हजारांवर. छत्तीस महिन्यांचे झाले चार लाख बत्तीस हजार. त्यात माझे चाळीस मिळवले की डिग्री पावणेपाच लाखांना पडली. मी हे मोठ्या कौतुकाने पप्पांना करून दाखवलं. पप्पा म्हणाले, "मंग दे की परत."

मराठी माध्यमाबद्दल लोक नाक मुरडतात, म्हणून सांगते: पहिली दोन वर्षं मला त्याचा फायदाच झाला. पहिलं सत्र जवळजवळ सगळं मोबाइलवर गेलं. सर घरातल्या भिंतीवर पांढरा फळा टांगून मागणीचा वक्र काढायचे आणि नेमकी तेव्हाच आमच्याकडे रेंज जायची. वक्र डावीकडून उजवीकडे खाली येतो हे मी ऐकून पाठ केलं; डोळ्यांनी पाहिला तो २०२२च्या फेब्रुवारीत कॉलेज उघडल्यावर. तोवर हाताशी होते ते शब्दच, आणि शब्द चांगले होते. 'उपभोक्त्याचं संतोषाधिक्य' घ्या. एखाद्या वस्तूला तुम्ही जेवढे मोजायला तयार होता आणि प्रत्यक्षात जेवढे मोजले, त्यातला फरक. मम्मी जांभळी नाक्यावरून साडी घेऊन येते आणि "सातशे म्हणाला असता तरी घेतली असती, पाचशेत दिली" असं सांगते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असतं ते. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम, म्हणजे एकच वस्तू घेत राहिलं की पुढच्या प्रत्येक नगातलं समाधान कमी होत जातं, तो आम्ही तिघींनी पहिल्या वर्षाच्या निकालादिवशी मामलेदारच्या मिसळीवर तपासला. पहिल्या प्लेटला डोळ्यांत पाणी, दुसऱ्या प्लेटलाही तेवढंच. नियम लागू झाला तो पाचव्या पावाला.

आता या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. ते परीक्षेत प्रत्येक नियमाच्या आधी लिहावं लागतं, न लिहिल्यास एक मार्क जातो: 'इतर परिस्थिती कायम असताना'. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की पुरवठा वाढतो. मी घरात मोठ्याने पाठ करायची. एकदा पप्पा पहाटेच्या पाळीहून येऊन आडवे झाले होते. डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "मार्केटात इतर परिस्थिती कवा कायम असती गं?" आणि पडल्या पडल्या मोजायला लागले. नाशकात पाऊस लागला की गाड्या कमी. गणपतीत हॉटेलं थंड. श्रावणात कांदा-लसूण बंद करणारी घरं वेगळी. घाटात ट्रक उलटला की अख्खी सकाळ गेली. दुबईची मागणी आली की चांगला माल आधी तिकडे. मी वही मिटली.

दुसऱ्या वर्षी एका मॅडमनी याचं उत्तर दिलं, आणि डिग्रीच्या साडेतीन ताऱ्यांतला एक पूर्ण त्या उत्तराचा आहे. त्या म्हणाल्या, काट्यावर माल ठेवायच्या आधी पासंग काढता ना? काटा शून्यावर आणता. म्हणजे पासंग नव्हताच असं म्हणत नाही. तो मालाच्या वजनात मिसळू नये एवढीच काळजी घेता. 'इतर परिस्थिती कायम' म्हणजे तेच. एका वेळी एकाच कारणाचं वजन घ्यायचं, मग दुसऱ्याचं. हे मी पप्पांना सांगितलं तर त्यांना पटलं. "मग वजन घेतल्यावं पासंग परत मोजता का न्हाय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मॅडमनी हसून टाळलं. खरं सांगायचं तर बऱ्याचदा नाही मोजत.

आणि इथेच माझा अर्धा तारा जातो. आमच्या कॉलेजपासून लोकलने अर्ध्या तासावर देशातल्या सगळ्यात मोठ्या घाऊक बाजारांपैकी एक आहे. तीन वर्षांत आम्हाला तिथे एकदाही नेलं नाही. औद्योगिक भेट म्हणून नेलं एका बिस्किटाच्या कारखान्यात. तिथे काचेपलीकडून पट्टा सरकताना पाहिला आणि प्रत्येकी एक पुडा घेऊन परत आलो. 'पूर्ण स्पर्धा' हे प्रकरण आम्ही पंचेचाळीस मिनिटांत संपवलं. एकजिनसी वस्तू, असंख्य ग्राहक-विक्रेते, बाजाराचं पूर्ण ज्ञान. शेवटी मी स्वतःच तिसऱ्या वर्षी एका गुरुवारी पहाटे पप्पांबरोबर मार्केटात गेले. एकजिनसी? एका गाळ्यासमोरच्या थप्पीत मोठा गोळा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी, जोड कांदा बाजूला काढलेला, आणि प्रत्येकाचा भाव निराळा. व्यापारी मूठभर कांदे उचलतो, अंगठ्याने मान दाबून बघतो, वरचं फोलपट चोळतो आणि मग बोलतो. पूर्ण ज्ञान? पप्पा सांगतात, हापूसच्या मार्केटात रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरायचा, शेजारी उभ्या माणसालाही कळायचा नाही. रुमाल हेच अपूर्ण ज्ञान. पंचेचाळीस मिनिटांच्या तासात हा रुमाल कोणी दाखवला असता तर ते प्रकरण मला पाठ करावं लागलं नसतं.

त्याच सकाळी जे पाहिलं ते मात्र कुठल्याच प्रकरणात बसलं नाही. श्रम अर्थशास्त्राच्या पेपरात एक सिद्धांत होता: मजुराला मजुरी मिळते ती त्याच्या सीमांत उत्पादकतेइतकी, म्हणजे शेवटच्या माणसामुळे उत्पादनात जेवढी भर पडते तेवढी. मी वही-पेन घेऊनच गेले होते. पप्पांच्या टोळीत अकरा माणसं. ट्रक धक्क्याला लागला, फाळका पडला आणि मी गोण्या मोजायला सुरुवात केली. एक तरुण, नवीन लागलेला, गोण पाठीवर घेऊन अक्षरशः धावत होता. पप्पा मध्यम. आणि एक नाना होते, साठीच्या जवळ आलेले. ते दोन खेपा झाल्या की ट्रकच्या सावलीत पाठ टेकायचे. तासाभरात तरुणाच्या सव्वीस, पप्पांच्या एकोणीस, नानांच्या अकरा. सिद्धांताप्रमाणे नानांची मजुरी त्या मुलाच्या निम्म्याहून कमी हवी. टोळीत पैसे अकरा जणांत सारखे वाटले गेले.

मी पप्पांना विचारलं, त्या नव्या मुलाला राग नाही येत? पप्पा म्हणाले, "यील की. पयल्या वर्षी मलाबी आला हुता. आता नाना थकल्यात, उद्या म्या थकंन. तवा त्यानं माझ्या गोण्या मोजल्या तर?" सीमांत उत्पादकतेचा सिद्धांत एका सकाळीपुरता बरोबर आहे, तीस वर्षांच्या हिशोबाला पुरत नाही, असं मी तेव्हा प्रकल्पाच्या वहीत लिहिलं. आज लिहिताना थोडं बदलीन: टोळी ही मजुरी वाटण्याची पद्धत आहेच, पण ती म्हातारपणाचा विमाही आहे. हप्ता पाठीने भरायचा.

यामागे कायदाही आहे. माथाडी कायदा १९६९चा, आणि तो येण्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ. कायद्यातली मेख अशी की माथाडीला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. मग भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना कोणी द्यायचा? म्हणून माथाडी मंडळ मधे आणलं. व्यापारी मजुरी आणि तिच्यावर वेगळी लेव्ही मंडळात भरतो, मजुराचे हे सगळे हक्क त्यातून भागतात. आज डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना मालक कोण, हा प्रश्न जगभर चर्चेत आहे. त्यावरचं एक उत्तर आमच्या चाळींमध्ये गेली पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे. आमच्या श्रम अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये या कायद्याला होती एक ओळ. सव्वा ओळ म्हणा, कारण वर्ष खालच्या ओळीवर गेलं होतं.

रोजगार हमीचंही तसंच. नोट्समध्ये चार ओळी: १९७२चा दुष्काळ, योजना मांडणारे वि. स. पागे, १९७७चा कायदा, पुढे २००५चा केंद्राचा कायदा. परीक्षेला पुरतं. सुट्टीत गावी गेले तेव्हा आजीला विचारलं. आजी तेव्हा लग्न होऊन आलेली, खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची आणि घरी परदेशी मिलो ज्वारीच्या भाकरी, ज्या गिळता गिळत नसत. "काम मागितलं की द्यायलाच पायजे" हे तिला कायदा म्हणून ठाऊक नव्हतं, आठवड्याच्या पगाराची रांग म्हणून ठाऊक होतं. सार्वजनिक वित्ताच्या पेपरात मी त्या चार ओळींखाली आजीच्या दोन ओळी लिहिल्या. मार्क किती मिळाले माहीत नाही.

डॉ. आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते हे वर्गात एका वाक्यात सांगितलं गेलं. बाकीचं मला कळव्याच्या मैत्रिणीच्या घरी कळलं. तिच्या वडिलांनी एका ६ डिसेंबरला दादरहून सरकारने छापलेला सहावा खंड आणला होता, त्यात रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा १९२३चा ग्रंथ आहे. इंग्रजी आहे, दर पानाला अडखळले. पण चलनाचा भाव घसरला की मजुराच्या मजुरीचं काय होतं, हा प्रश्न त्यात सारखा डोकावत राहतो एवढं कळलं. आमच्या चलनाच्या प्रकरणात मजूर कुठेच नव्हता.

वाईटच लिहिते आहे असं वाटेल, म्हणून आता कांदा.

ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. आमचं शेवटचं सत्र सुरू होत होतं. आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्राचे सर फळ्यावर आयात शुल्काची आकृती काढत होते, जी पुस्तकात असते, जी परीक्षेला येते. मी हात वर केला: सर, आयातीचं झालं, निर्यातबंदीची आकृती कशी येईल? सरांनी घड्याळ पाहिलं. मग खडू माझ्यापुढे धरला.

फळ्यासमोर उभं राहिल्यावर पाय थरथरत होते हे कबूल. मागणीचा वक्र काढला, पुरवठ्याचा काढला. दोघं छेदतात ती देशांतर्गत किंमत. जगातली किंमत त्याहून वर, म्हणून तिथून आडवी रेघ. त्या रेघेवर देशात विकत घेतात कमी आणि पिकवतात जास्त. मधला तुकडा म्हणजे निर्यात. आता बंदी घाला. रेघ पुसली, किंमत घसरून छेदबिंदूवर आली. खाणाऱ्याचा फायदा झाला, त्याचा पट्टा मी तिरप्या रेघांनी भरला. पिकवणाऱ्याचं नुकसान झालं, त्याचा पट्टा उलट्या रेघांनी भरला. दुसरा पट्टा मोठा. खाणाऱ्याला जेवढं मिळालं तेवढं वजा केलं तरी उजवीकडे एक त्रिकोण उरतोच, जो कोणाच्याच पदरात पडत नाही. सर म्हणाले, "बरोबर. आता या त्रिकोणाला नाव द्या." पुस्तकातलं नाव सगळ्यांना पाठ होतं. पण मागच्या बाकावर निफाडचा एक मुलगा बसायचा, काकांकडे दिव्याला राहणारा, तीन वर्षांत क्वचित बोललेला. तो म्हणाला, "सर, त्यात आमचे दोन एकर आहेत."

तो तास संपल्यावरही कोणी उठलं नाही. कोणी म्हणालं, मुंबईत लाखो माणसं कांदा खातात, त्यांचं काय? निफाडकर म्हणाला, भाव आपटतो तेव्हा ती माणसं आम्हाला काही पाठवतात का? सरांनी मग कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत काढला. ते नाव १९३४ साली निकोलस काल्डोरने रूढ केलं. यंदा भाव चढला म्हणून सगळे पुढच्या हंगामात कांदा लावतात, मग माल उदंड आणि भाव तळाला. म्हणून पुढल्या खेपेला कोणी लावत नाही, की भाव पुन्हा वर. आकृतीत रेघा छेदबिंदूभोवती गोल गोल फिरतात, जाळं विणल्यासारख्या. सर म्हणाले, आता या जाळ्यात मधेच बंदी टाका आणि बघा. शेतकरी लावताना जो भाव धरून चालला तो भाव कोणी तरी मधेच उचलून नेला. मे २०२४मध्ये बंदी उठली, तीही टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क ठेवून. तोवर आमची परीक्षा संपली होती. पेपरात आकृती आली होती आयात शुल्काची.

असा तास तीन वर्षांत किती वेळा झाला? चार, फार तर पाच. पण झाला. मैत्रिणींना त्यांच्या महागड्या कोर्सांबद्दल विचारलं तर असा एकही सांगता येत नाही त्यांना. (एकीने सांगितला, पण तो फ्रेशर्स पार्टीचा होता.)

आता पूर्ण एक तारा जिथे जातो ते. गणित.

आर्ट्सच्या मुलीने गणित दहावीला सोडलेलं असतं आणि कॉलेज तुम्हाला त्याच सवलतीवर आत घेतं. तेव्हा बरं वाटतं. तीन वर्षं मी सीमांत उपयोगिता, सीमांत खर्च, सीमांत आय असं घोकत होते. एम.ए.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करताना शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने सांगितलं की सीमांत म्हणजे विकलज, वक्राच्या एका बिंदूवरचा उतार. एवढंच! तीन वर्षांच्या आकृत्या एका संध्याकाळी एकमेकींना जोडल्या गेल्या, आणि आनंदापेक्षा मला चीड आली. हे पहिल्या वर्षी दोन आठवड्यांत शिकवता आलं असतं. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला बारावीत गणित लागतंच. आमच्याकडे नको, पण निदान आत आल्यावर तरी शिकवा. त्या वर्षी प्रवेश परीक्षेत मी कलनाचे, म्हणजे कॅल्क्युलसचे, प्रश्न सोडून बाकीचा पेपर लिहिला आणि व्हायचं तेच झालं.

संख्याशास्त्र होतं, पण हाताने. प्रकल्पासाठी मी आमच्या घराचा किंमत निर्देशांक काढला. सरकारचा तेव्हाचा ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ हे आधारवर्ष धरून होता आणि त्यात अन्न व पेयांचा भार, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, ४५.८६ टक्के. आमच्या किराणा दुकानदाराची पिवळी वही मम्मीने २०१८पासून जपून ठेवली आहे. त्यातून तूरडाळ, तेल, साखर, चहा, साबण असा लासपेअर्सच्या पद्धतीने हिशोब मांडला. आधारवर्षाचं प्रमाण धरायचं आणि नव्या किमती लावायच्या. तीन रात्री, साधा कॅल्क्युलेटर, दोनदा बेरीज चुकली. आमच्या घरात अन्नाचा भार निघाला ५१. म्हणजे टीव्हीवर महागाई इतके टक्के असं सांगतात तेव्हा ती आमच्या घरची नसते, हे मला आकड्यात दाखवता आलं. मम्मी म्हणाली, त्याला तीन रात्री कशाला, मला विचारायचं. प्रकल्प मस्तच झाला. पण तोच हिशोब आता एक्सेलमध्ये मी चहा होईतो करते, आणि एक्सेल मला कॉलेजने दाखवलं नाही.

त्याची किंमत पहिल्या मुलाखतीत मोजली. ऐरोलीला एका बॅक ऑफिसमध्ये. समोरच्या बाईंनी विचारलं, एक्सेलमधलं व्ही-लुकअप येतं? मी म्हटलं, समवृत्ती वक्र येतो. मनात म्हटलं, अर्थात. तोंडाने "शिकून घेईन" म्हटलं. नोकरी लागली, सतरा हजार, काम ग्राहकांची कागदपत्रं तपासायचं. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळतंय का बघायचं. त्याला बी.ए. अर्थशास्त्र लागत नाही, डोळे लागतात. इंग्रजी संज्ञा तिथे पहिल्यांदा कानावर पडल्या आणि मी मनातल्या मनात उलटं भाषांतर करत बसायची. मराठी माध्यमाची ही दुसरी बाजू; वर फायदा लिहिलाय तर हेही लिहायला हवं. तिसऱ्या वर्षी शेजारी इंग्रजी शब्दही लिहून ठेवा.

आठ महिन्यांनी ते सोडलं आणि महापेच्या एका सर्वेक्षण कंपनीत लागले. घरोघरी जाऊन खर्चाचे प्रश्न विचारायचे. तिथे डिग्री एकदम खिशातून बाहेर आली. गरिबी मोजण्याच्या प्रकरणात दांडेकर आणि रथ यांचा १९७१चा अभ्यास होता, माणशी रोज २,२५० उष्मांकांची रेषा. आणि त्याच प्रकरणात मॅडमनी सांगितलं होतं की १९९९-२०००च्या पाहणीत लोकांना खाण्याचा खर्च गेल्या तीस दिवसांचाही विचारला आणि सात दिवसांचाही, आणि त्यावरून देशात गरीब किती यावरच वाद पेटला. वर्गात मला ती बारीकशी तांत्रिक गोष्ट वाटली होती. रबाळ्याला एका आजींच्या दारात बसले होते. विचारलं, महिन्याला तेल किती लागतं? म्हणाल्या, दोन लिटर. मग विचारलं, गेल्या आठवड्यात किती आणलं? म्हणाल्या, पाव-पाव करून तीनदा. आठवड्याला पाऊण लिटर म्हणजे महिन्याला तीन लिटरच्या वर. आजी खोटं बोलल्या नव्हत्या; महिना त्यांच्याकडे कधी एकरकमी नव्हताच, रोजच्या मजुरीतून तेल पाव-पाव लिटरनंच येत होतं. माझ्याबरोबरच्या मुलाने दोन लिटर लिहून पुढे जायची घाई केली. मी थांबले. हे थांबणं मला डिग्रीने शिकवलं. साडेतीन ताऱ्यांतले निदान दोन या कामाचे.

परीक्षेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टिपा लिहा, कोणत्याही दोन. गाईड मिळतं, रात्रभर वाचलं तर पास होता येतं, आणि वर्गातले निम्मे तेवढ्यासाठीच होते. त्यांना पुढे एम.पी.एस.सी. द्यायची होती आणि हा विषय तिथे उपयोगी पडतो म्हणून घेतलेला. त्यांना नावं ठेवत नाही. आमच्यातली एक मुलगी आज लेखनिक म्हणून लागली आहे, तिच्या घरात पहिला सरकारी पगार.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर, म्हणजे २०२४-२५पासून, रचना बदलली आहे: मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचे कोर्स, हवं तर चौथं वर्ष. मी वापरलं ते जुनं मॉडेल. तेव्हा काकू, कॉलेजात गेलात की खिडकीवर चकचकीत माहितीपत्रक मागू नका, वेळापत्रक मागा. संगणकाचा तास कधी आहे, आणि दुय्यम विषयात गणित किंवा संख्याशास्त्र घेता येतं का, एवढंच विचारा. येत असेल तर घ्यायला लावा, रडली तरी.

आणि प्रवेशाच्या आधी एक दिवस मुलीला माझ्याकडे पाठवा. रविवारी मार्केट बंद असतं, तेव्हा सोमवार किंवा गुरुवार. पहाटे साडेचारला पप्पा निघतात, आम्ही त्यांच्याबरोबर जाऊ. डबा नको, तिथे चहा आणि खारी मिळते. नाना आता निवृत्त झालेत, पण सकाळचे येऊन बसतात, ते सगळं सांगतील. चप्पल जुनी घालायला सांगा. कांद्याच्या फोलपटांवरून पाय घसरतो.